टाक्याच्या काठावरच्या खाचा

इटलीच्या टस्कनी प्रांतात, द्राक्षमळ्यांमधल्या टेकडीवर सान जिमिन्यानो हे तटबंदीचं जुनं गाव आहे. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट इथूनच जायची. त्या वाटेवरच्या व्यापारानं आणि केशराच्या पिकानं गाव श्रीमंत झालं. मग मोठ्या घराण्यांत चुरस लागली, कुणाचा मनोरा उंच! असे बहात्तर मनोरे होते, असं सांगतात.

१३४८ साली प्लेग आला. गाव ओस पडलं आणि १३५३ मध्ये फ्लॉरेन्सच्या अंमलाखाली गेलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. म्हणून आज चौदा मनोरे उभे दिसतात. १९९० पासून गाव जागतिक वारसा आहे.

येणारे लोक मान वर करून मनोरेच बघतात. पण मधल्या चौकाचं नाव पडलंय ते तिथल्या पाण्याच्या टाक्यावरून. ते तेराव्या शतकातलं. त्याच्या दगडी काठावर दोर घासून खोल खाचा पडल्या आहेत. मनोरे बांधणाऱ्या घराण्यांची नावं इतिहासात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाणी शेंदणाऱ्यांची कुणी लिहिली नाहीत. त्यांच्या रोजच्या कष्टांची नोंद आहे ती एवढीच, त्या खाचांची. इतिहास वाचताना तीही वाचायला हवी.