बोटाखालचे २३० व्होल्ट : रिले मुंबईच्या लोकलमध्ये आला, घरात का नाही?

१/ पावसाळ्यात अंधेरीच्या एखाद्या जुन्या इमारतीत भिंतीला ओल येते आणि स्विचला हात लावताच बोटाला झिणझिण्या येतात. घरातील साध्या बटणामागे पूर्ण २३० व्होल्टचा दाब उभा असतो. तो तिथवर आणावाच लागतो का? या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईला १९२५ पासून ठाऊक होते. #धागा

२/ त्या उत्तराचे नाव रिले. पूर्वी डाकेचे थकलेले घोडे चौकीवर बदलत. त्या ताज्या घोड्यांवरून इंग्रजीत हा शब्द आला. तारायंत्रातही तेच घडे. लांबून आलेला क्षीण प्रवाह विद्युतचुंबक जागा करी आणि तो चुंबक पुढच्या टप्प्यासाठी ताजा प्रवाह जोडून देई. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास हे तत्त्व दाखवले.

३/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची लोकल धावली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा–बोरिवली मार्गावरही विजेच्या गाड्या सुरू झाल्या. वरच्या तारेतील दाब होता १५०० व्होल्ट.

४/ हा दाब मोटरमनच्या हातापर्यंत येत नसे. त्याच्या हातातील नियंत्रक कमी दाबाच्या परिपथातून केवळ आज्ञा देई. मोटारींचा मुख्य प्रवाह दूर बसवलेली यंत्रणा जोडे आणि तोडे. फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी रूढ केलेल्या पद्धतीची ही परंपरा. एका हाताने अनेक डब्यांच्या मोटारी एकाच वेळी चालवता येत, त्या यामुळेच.

५/ उपनगरांतील घरांत वीज साधारण त्याच काळात पसरू लागली. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. घरांनी मात्र साधी रीत स्वीकारली : फेजची तार बटणापर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंत.

६/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील काही घरांनी रेल्वेची युक्ती उचलली. भिंतीवरच्या बटणापर्यंत फक्त २४ व्होल्ट आणि घंटीच्या तारेइतकी बारीक तार. बटण क्षणभर दाबले की रिले जुळे, दुसरे दाबले की सुटे. मधल्या काळात वीज न खाता तो आपली स्थिती टिकवून धरी. पलंगाजवळच्या एका फलकावरून साऱ्या घराचे दिवे मालवता येत.

७/ युरोपात पिएरो जोर्दानिनो या इटालियन अभियंत्याने १९४९ मध्ये स्टेप रिलेचे पेटंट घेतले. त्यात एकच बटण : एकदा दाबले की दिवा लागे, पुन्हा दाबले की विझे. अनेक मजल्यांच्या जिन्यासाठी ही सोय मोलाची ठरली.

८/ मग घाटकोपर-मुलुंडच्या घरांत हे का रुजले नाही? उत्तर घराच्या आकारात आहे. लांबलचक बंगल्यात जाड तांब्याची तार वाचते. दोन खोल्यांत ती वाचून वाचणार किती? उलट रोहित्र आणि प्रत्येक दिव्यामागे एक रिले असा खर्च वाढतो. रोहित्र जळाले तर सारे दिवे हातचे जातात आणि कोपऱ्यावरच्या वायरमनकडे तो सुटा भाग मिळत नाही. जिन्यासाठी दोन टू-वे स्विच पुरेसे होते.

९/ तरीही रिले इमारतीत शिरलाच, फक्त दिवाणखान्याऐवजी पंपघरात. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते. तळटाकीतून ते गच्चीवर चढवावे लागते. स्वयंचलित यंत्रणेत टाकीतील पाण्याला स्पर्श करणारे संवेदक कमी दाबावर चालतात आणि पंपाचा भार रिले व स्टार्टर पेलतात. जुन्या लिफ्टच्या यंत्रखोलीतील खटखट हाही रिलेंचाच आवाज.

१०/ २६ जुलै २००५ च्या पावसाने हा विषय जिवावरचा केला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजले पाण्याखाली गेले आणि उपनगरांच्या अनेक भागांत वीज बंद राहिली. पाणी मीटरपर्यंत चढले की बटणावर किती व्होल्ट आहेत, या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

११/ घरांच्या सुरक्षेसाठी आपण दुसरी वाट धरली : आर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी. घरगुती उपकरणात ही मर्यादा साधारणतः ३० मिलिअँपिअर असते. फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहात तेवढा फरक पडला, की चुंबकीय कळ सुटते. म्हणजे हाही रिलेचाच भाऊबंद.

१२/ आज बोरिवलीच्या नव्या सदनिकांत मोबाइलवर दिवे लावणारी चकती स्विचबोर्डामागे बसते आणि तिच्यात पुन्हा रिलेच असतो. मात्र त्या छोट्या चकतीत २३० व्होल्ट आणि काही मोजके व्होल्ट शेजारी नांदतात आणि भिंतीवरचे जुने बटण बहुधा जागेवरच राहते. सोय आली, १९२५ च्या मोटरमनला मिळालेले अंतर आले नाही. म्हणून ओल धरलेल्या भिंतीच्या घरात चकतीआधी आर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घेणे शहाणपणाचे.