वेब होस्टिंग सेवेचा विस्तार : नांदेड व लातूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
महाजालाच्या प्रसाराबरोबर ज्ञानसाठा कोठे व कोणाच्या ताब्यात ठेवावा, हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. संकेतस्थळासाठी अखंड चालू असणाऱ्या संगणकावर जागा लागते. ती पुरविणाऱ्या सेवेस वेब होस्टिंग असे म्हणतात. मोठ्या कंपन्या ही सेवा कधी व किती वाढवतील, याविषयी वेळोवेळी अंदाज वर्तविले गेले. त्या अंदाजांचा आणि प्रत्यक्ष घडामोडींचा नांदेड-लातूरच्या शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. त्यानंतर सुमारे ११ महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने देशातील मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे हे विद्यापीठ भारतातील सार्वजनिक इंटरनेटपेक्षा वयाने थोडे मोठेच आहे. परंतु सेवेचा ओघ महानगरांकडून जिल्ह्यांकडे राहिला.

अंदाज आणि वास्तव :
गुगलने फेब्रुवारी २००६ मध्ये पेज क्रिएटर ही संकेतपाने तयार करण्याची सेवा १०० मेगाबाइट जागेसह विनामूल्य दिली. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या एका सादरीकरणाच्या टिपांत वापरकर्त्यांची सर्व माहिती साठविण्याचा विचार आढळला आणि ‘जीड्राइव्ह’विषयी तर्कवितर्क सुरू झाले. प्रत्यक्षात गुगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये आले. तोपर्यंत पेज क्रिएटर बंद होऊन त्यावरील पाने गुगल साइट्सकडे वळविली गेली होती. याहूची जिओसिटीज ही सेवा तर ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाली आणि असंख्य व्यक्तिगत पाने मूळ ठिकाणावरून नाहीशी झाली.

शिक्षणसंस्थांना गुगलने दिलेल्या अमर्याद साठवणुकीचेही असेच झाले. २०२१ मध्ये धोरण बदलाची घोषणा झाली आणि २०२२ पासून प्रत्येक संस्थेसाठी सामायिक १०० टेराबाइटची मूळ मर्यादा लागू झाली. विस्ताराचे अंदाज खरे ठरले, पण अटी बदलतील हा अंदाज फारसा कोणी केला नव्हता.

केंद्रीकरण :
मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे परिसरात, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये व गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि मोठे ग्राहकही तेथेच आहेत, हे त्यामागील कारण होय. मराठवाडा या व्यवस्थेत ग्राहक राहिला. दुसरीकडे, नॅकच्या २०१७ मधील सुधारित मूल्यांकन पद्धतीमुळे महाविद्यालयांना आपली कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवणे आवश्यक होऊन बसले. गरज वाढली, तसे परावलंबनही वाढले.

येथे लातूरच्या बाजारपेठेचा दाखला उपयुक्त ठरतो. शेतकरी वखारीत सोयाबीन ठेवतो तेव्हा त्याच्या हाती पावती येते. वखार दुसऱ्याची असली तरी माल त्याचाच राहतो आणि त्या पावतीवर तारण कर्जही मिळते. विनामूल्य होस्टिंगमध्ये मजकुरावरील हक्क कागदोपत्री लेखकाकडे असतो, परंतु वखार केव्हा बंद करावी, हे वखारवालाच ठरवतो.

निष्कर्ष :
हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, गावोगावची कागदपत्रे, महाविद्यालयीन वार्षिकांक ही या भागाच्या इतिहासाची साधने आहेत. ती केवळ परक्या जागेवर ठेवणे धोक्याचे आहे. मोठ्या कंपन्यांची सेवा नाकारणे व्यवहार्य नाही. मात्र संकेतनाम संस्थेच्या स्वतःच्या नावे नोंदविणे, दुसरी प्रत ग्रंथालयात ठेवणे आणि विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांसाठी सामाईक साठा उभारणे शक्य आहे. जागा भाड्याची असू शकते. स्मृती भाड्याची असू नये.