पडलेल्या खोडावरचे रान

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, ऑलिंपिक द्वीपकल्पावर, होह नदीचे खोरे आहे. वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर पाऊस, आणि सिट्का स्प्रूस व वेस्टर्न हेमलॉक यांचे जुने, न तोडलेले जंगल. या झाडांची रोपे शोधायला निघालात, तर जमिनीवर ती फारशी सापडणार नाहीत. मार्क हार्मन आणि जेरी फ्रँकलिन यांनी या किनारपट्टीच्या जंगलांत मोजदाद करून १९८९ साली हिशोब मांडला: पडलेले ओंडके जमिनीचा ६ ते ११ टक्के भाग व्यापतात आणि ९४ टक्क्यांहून अधिक रोपे त्यांच्यावरच असतात.

असे का? मेलेले झाड रोपाला पोसते, हे उत्तर चटकन सुचते आणि ऐकायला गोडही वाटते. पण लाकडात नत्र अगदी कमी असते. हार्मन-फ्रँकलिन यांच्या प्रयोगांनी बोट ठेवले ते वेगळ्याच कारणावर: जमिनीवरचे दाट मॉस आणि बारीक झाडोरा रोपाला डोके वर काढू देत नाहीत. ओंडका देतो ती मोकळी जागा, आणि तीही थोड्या काळापुरती. नुसत्या सालीवरून बी घरंगळते, पातळ मॉस आले की अडकते, मॉस जाड झाले की मूळ लाकडापर्यंत पोचत नाही.

म्हणून इथला अभ्यासक 'वनस्पती कोणती' याआधी 'ओंडका किती कुजला' हे विचारतो. ताज्या खोडापासून मातीत मिसळणाऱ्या भुशापर्यंत पाच पायऱ्या मानण्याचा प्रघात आहे आणि प्रत्येकीचे भाडेकरू निराळे. साल गळालेल्या लाकडावर नोवेलिया कर्विफोलिया हे लिव्हरवर्ट येते. मऊ पडलेल्या बुंध्यावर येणारे टेट्राफिस पेल्युसिडा हे मॉस मला विशेष प्रिय. त्याच्या टोकाशी इवल्या वाट्या असतात. पावसाचा थेंब पडला, की त्यांतले हिरवे कण उडतात आणि जिथे पडतील तिथे रुजू पाहतात. भिंग जवळ असल्याशिवाय या विषयाला हात घालू नये.

धीरही हवा. ओरेगॉनमधल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वनात हार्मन यांनी १९८५ साली पाचशेहून अधिक ओंडके मांडून कुजण्याची नोंद सुरू केली. प्रयोगाची ठरलेली मुदत २०० वर्षे आहे!

सह्याद्रीत वाळवी आणि दमट उष्मा मिळून लाकडाचा फडशा लवकर पाडतात. तिकडची वर्षे इथे जशीच्या तशी लावू नयेत. पण गाडगीळ-वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या देवरायांत अशाही होत्या, जिथे वाळके लाकूडसुद्धा उचलायचे नाही असा दंडक होता. तशी एखादी राई गावाजवळ टिकून असेल, तर पुढचे पहिले प्रकरण तिथेच नेऊन वाचावे.