पिवळ्या दिव्याची भाषा : घरासाठी कोड स्कॅनर निवडताना

खास प्रतिनिधी

नांदेड/लातूर - किनवटहून नांदेडकडे निघालेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की चालक पेचात पडतो. शंभराहून अधिक किलोमीटरची वाट तशीच कापावी, की रस्त्याकडेच्या पहिल्याच गॅरेजात थांबावे? मोठ्या कंपन्यांची सेवा केंद्रे नांदेड आणि लातूर शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी भरवसा असतो तो अनुभवी मिस्त्रीच्या कानावर. कार्ब्युरेटरच्या काळात तो कान पुरत असे. आता इंजिनाचा कारभार संगणकाच्या हाती गेला असून त्याची तक्रार ऐकण्यासाठी यंत्र लागते. हे यंत्र म्हणजे कोड स्कॅनर. काहीशे रुपयांपासून अर्ध्या लाखापर्यंत मिळणाऱ्या या यंत्रांपैकी घरी कोणते ठेवावे, याचे उत्तर दुकानाच्या काउंटरवर नव्हे, तर गाडीच्या आरसी पुस्तकात सापडते.

गाडी कोणत्या सालची?

अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना 'ओबीडी-२' ही एकसमान निदानपद्धती सक्तीची झाली. युरोपने पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून तिचा स्वीकार केला. भारतात ती आली ती प्रदूषणाच्या निकषांचे बोट धरून. भारत स्टेज-४ निकष १ एप्रिल २०१० रोजी देशातील तेरा शहरांत लागू झाले आणि त्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आला. दुसरा, अधिक काटेकोर टप्पा १ एप्रिल २०१३ पासून सुरू झाला. त्या तेरा शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. लातूर आणि नांदेड नव्हते. संपूर्ण देशाला बीएस-४ बंधनकारक झाले ते १ एप्रिल २०१७ पासून.

या तारखांचा अर्थ मराठवाड्यातील वाहनमालकाने नीट ध्यानात घ्यायला हवा. २०१२ साली सोलापुरात नोंदलेली आणि त्याच साली लातुरात नोंदलेली मोटार दिसायला एकसारखी असली, तरी पहिली बीएस-४ आणि दुसरी बीएस-३ असू शकते. पहिलीत सर्वसामान्य स्कॅनर चालेल याची बरीच खात्री देता येते. दुसरीत तशी देता येत नाही. सोळा पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे काम झाले, असा समज आहे आणि तोच पुष्कळांना महागात पडतो. सॉकेट तेच असूनही आत बोलली जाणारी भाषा कंपनीची खासगी असू शकते. एमएच २४ आणि एमएच २६ या क्रमांकांच्या जुन्या गाड्यांना स्वस्त स्कॅनर 'संपर्क होत नाही' एवढेच उत्तर देतो, तेव्हा दोष दर वेळी स्कॅनरचाच असतो असे नाही.

ढोबळमानाने सांगायचे, तर यांत्रिक पंपावर चालणाऱ्या जुन्या डिझेल गाडीसाठी स्कॅनर घेऊच नये. तिच्या इंजिनात ऐकण्यासारखे काही नाही. २०१० ते २०१७ दरम्यानच्या गाडीबाबत आधी निकष तपासावा आणि मग, शक्य झाल्यास, ओळखीच्या गॅरेजातील यंत्र लावून पाहावे. एप्रिल २०१७ नंतरच्या पेट्रोल वा डिझेल मोटारीत अडचण सहसा येत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर माहितीची रेलचेल आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींचा संसार वेगळा. त्यांच्या बॅटरीची प्रकृती सर्वसामान्य स्कॅनरला कळत नाही.

तीन प्रकार

बाजारातील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे मोबाइलशी जोडला जाणारा काडेपेटीएवढा अडॅप्टर. त्यावर बहुधा 'ईएलएम ३२७' असे लिहिलेले असते. ही मूळ चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते. तिच्या प्रती निघाल्या आणि जगभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र सुखाने नांदत आहेत. वेष्टनावर 'आवृत्ती १.५' दिसली तर ती नक्कल समजावी, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती काढलीच नव्हती. नक्कल म्हणजे निरुपयोगी असे मात्र नव्हे. अलीकडच्या गाड्या 'कॅन' या संदेशप्रणालीवर बोलतात आणि ती बऱ्याच नकलांना जमते. जुन्या 'के-लाइन' पद्धतीच्या गाड्यांपाशी त्यांचे पाय अडखळतात. आयफोन वापरणाऱ्यांनी जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ अडॅप्टर घेऊ नये. त्यांना वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागतो. या एका चुकीपायी परत पाठवावे लागणारे अडॅप्टर थोडे नसावेत.

दुसरा प्रकार स्वतःचा पडदा आणि वायर असलेल्या हातातील यंत्राचा. किंमत साधारण दीड हजारापासून पुढे. मोबाइल, ॲप, जोडणी यांची कटकट नाही. लावले की चालते. घरातील ज्येष्ठांनाही वापरता येईल असे हेच यंत्र आहे आणि एका घरासाठी बहुतेक वेळा तेच पुरते. मात्र घेताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पक्क्या कोडबरोबर प्रलंबित कोडही दिसतात काय? दोष घडला त्या क्षणीची स्थिती, म्हणजे 'फ्रीज फ्रेम', दाखवते काय? चालू इंजिनाची जिवंत आकडेवारी मिळते काय? आणि 'रेडिनेस', म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या की नाहीत, हे कळते काय? यांतली एकही सोय नसलेले यंत्र केवळ कोड वाचते आणि पुसते. ते कितीही स्वस्त असले तरी महागच.

तिसरा प्रकार गॅरेजवाल्यांचा. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स यांच्या संगणकांशी बोलणे, इंजेक्टर किंवा पंख्याला आज्ञा देऊन तपासणे ही त्याची कामे. दहा हजारांच्या पुढचा हा खर्च एका मोटारीसाठी परवडत नाही. चार-पाच मित्रांनी किंवा एका सोसायटीने मिळून घेतल्यास गोष्ट वेगळी. तरीही आपल्या गाडीचे नेमके मॉडेल त्या यंत्राच्या यादीत आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परदेशी यंत्रांच्या यादीत जपानी आणि जर्मन गाड्या भरपूर असतात, भारतीय बनावटीच्या गाड्यांची हजेरी तुरळक असते.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्कॅनर हाती आल्यावरची मोठी चूक म्हणजे कोडमध्ये ज्या भागाचे नाव येईल तो भाग विकत आणणे. 'पी०११३' हा कोड आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या मंडलात विद्युतदाब जास्त असल्याचे सांगतो. सेन्सर बिघडला, असे तो म्हणत नाही. तुटलेली वायर हेही त्याचे कारण असू शकते, आणि शेताजवळ किंवा गोदामापाशी उभ्या राहणाऱ्या गाडीत वायर कुरतडणारा उंदीर हा संशयितांच्या यादीत वरच्या क्रमांकाचा असतो. नवा सेन्सर आणण्यापूर्वी बॉनेट उघडून बॅटरीच्या प्रकाशात वायरिंग पाहणे फुकट आहे.

'पी०१७१', म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, हा कोड बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत किटच्या जुळवणीमुळेही येऊ शकतो. येथे जिवंत आकडेवारी उपयोगी पडते. गाडी आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर चालवून 'फ्युएल ट्रिम'चे आकडे पाहावेत. पेट्रोलवर ते शून्याच्या आसपास आणि गॅसवर बरेच वर जात असतील, तर किटवाल्याकडे जाणेच शहाणपणाचे. उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेल्यावर शीतकाचे तापमान पाहत राहणे हाही स्कॅनरचा एक चांगला उपयोग. तापमानाचा काटा नसलेल्या गाड्यांत तर विशेषच.

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या मालकांचे दुखणे काजळीच्या गाळणीचे, म्हणजे डीपीएफचे. घर ते दुकान अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ही गाळणी तापत नाही आणि साचलेली काजळी जळत नाही. 'पी२४६३' हा कोड काजळी जास्त साठल्याचा इशारा देतो. केवळ गाळणीचा दिवा लागलेला असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने नेणे हा पहिला उपाय. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ त्यासाठी सोयीचा आहे. स्कॅनरच्या आज्ञेने सक्तीने काजळी जाळण्याची सोय महागड्या यंत्रांत असते. त्या वेळी सायलेन्सर भयंकर तापतो. वाळलेल्या गवतावर, पाचटाजवळ किंवा बंद शेडमध्ये हा प्रयोग करू नये, किंबहुना घरी तो न केलेलाच बरा.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर बेताच्या वेगाने गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल, तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकत असते आणि न जळलेले इंधन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढते; अशा वेळी गाडी थांबवावी. तेलदाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास स्कॅनर शोधत बसू नये, आधी इंजिन बंद करावे.

कोड पुसण्यापूर्वी त्याचे आणि फ्रीज फ्रेमचे छायाचित्र काढून ठेवावे. पुसल्यावर हा सगळा पुरावा जातो आणि मिस्त्रीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हीच गोष्ट जुनी गाडी घेताना उलटी कामाला येते. विक्रेत्याने दिवा विझवण्यासाठी सौद्याच्या आदल्या दिवशी कोड पुसले असतील, तर दिवा दिसत नाही, परंतु रेडिनेसच्या रकान्यात बहुतेक तपासण्या 'अपूर्ण' दिसतात. बॅटरी बदलल्यानेही तसे होते, हे खरे. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारावे, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅनर लावेपर्यंत इसार देऊ नये.

अडॅप्टर सॉकेटमध्ये कायमचा लावून ठेवण्याची सवय टाळावी. सॉकेटच्या सोळाव्या पिनला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा प्रवाह मिळत राहतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर अडॅप्टर काढून कप्प्यात ठेवावा.