ऑइल कॅच कॅन म्हणजे काय? टर्बो गाडीला तो खरंच लागतो का?

बॉनेट उघडलं की इंजिनाशेजारी एक चकचकीत ॲल्युमिनियमचा डबा आणि त्याला जोडलेले दोन पाइप. गाड्यांच्या रील्समध्ये हा डबा तुम्ही नक्की पाहिला असेल. हाच ऑइल कॅच कॅन. कुणी म्हणतं यामुळे इंजिनाचं आयुष्य वाढतं, कुणी म्हणतं नुसता शो आहे. मग खरं काय?

इंजिनात तेलाची वाफ येते कुठून?

पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी जळलेल्या वायूंचा थोडा भाग त्यांच्या कडेने खाली, क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. तिथे ऑइल सतत उडत असतं, त्यामुळे या वायूंमध्ये ऑइलचे बारीक थेंब, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल मिसळतं.

पूर्वी हे वायू सरळ हवेत सोडले जायचे. १९६० च्या दशकात अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. तो हे वायू पुन्हा इनटेककडे पाठवतो आणि ते इंजिनात जळून जातात. आजच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत ही सोय असते.

मग अडचण काय?

जुन्या पोर्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हवर बसलेलं ऑइल धुवायला काहीच नसतं. ते तापून त्याचा काळा, कडक कार्बन होतो. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया आणि कुशाक या गाड्यांची टीएसआय इंजिनं याच प्रकारची आहेत.

टर्बो गाडीत आणखी एक भर पडते. ऑइल इंटरकूलरमध्ये साचतं आणि हवा नीट थंड होत नाही. सिलिंडरमध्ये ऑइल गेलं की नॉकिंगची शक्यता वाढते. मग ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो आणि पॉवर कमी होते.

डबा काम कसं करतो?

कॅच कॅन वायूंच्या वाटेत मध्येच बसतो. आतल्या पडद्यांवर किंवा स्टीलच्या जाळीवर वायू आपटतात, थंड होतात, थेंब खाली साचतात आणि उरलेली हवा पुढे जाते. आतून रिकामा असलेला स्वस्त डबा फारसं काही अडवत नाही.

बसवताना काय पाहायचं?

- काम इंजिन थंड असतानाच करा.
- डबा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या मध्ये बसतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढायचा नाही.
- टर्बो गाडीत दोन वाटा असतात. बूस्ट नसताना वायू मॅनिफोल्डकडे जातात आणि बूस्टमध्ये टर्बोच्या तोंडाकडे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत दोन्ही वाटा सांभाळाव्या लागतात.
- काही नव्या इंजिनांत ऑइल वेगळं करणारा भाग ब्लॉकवरच बसवलेला असतो. तिथे त्या इंजिनासाठीचा अडॅप्टर लागतो.
- डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, पण सहज रिकामा करता येईल अशा जागी घट्ट बसवा.
- होज ऑइल सहन करणारा, मूळ होजपेक्षा बारीक नसलेला आणि कुठेही न दुमडलेला हवा. साधा पाण्याचा पाइप ऑइलने फुगतो आणि मऊ पडतो.
- ‘इन’ आणि ‘आउट’ उलटे जोडू नका.

नंतर इंजिन सुरू करून ऐका. शिट्टीसारखा आवाज, आयडलिंगला चढ-उतार किंवा चेक इंजिनचा दिवा म्हणजे कुठेतरी हवा गळतेय.

बसवला की विसरायचं का?

नाही, इथेच बरेच जण चुकतात. सुरुवातीला दर हजार किलोमीटरला डबा उघडून पाहा. पावसाळ्यात आणि थंडीत पाणी जास्त साचतं, त्यामुळे आतलं मिश्रण दुधाळ कॉफीसारखं दिसतं. ते इंजिनात परत ओतायचं नाही आणि गटारात तर नाहीच. वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

डबा भरून वाहिला तर साचलेलं सगळं एकदम इनटेकमध्ये ओढलं जाऊ शकतं. लेह-लडाखच्या थंडीत आतलं पाणी गोठलं तर वायूंची वाट बंद होते, क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सील गळू लागतात. डबा फार लवकर भरत असेल तर मोठा डबा घेऊ नका, रिंगा तपासा. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.

कायदा आणि वॉरंटी

डब्याला फिल्टर लावून वायू बाहेर सोडणं रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधले वायू हवेत जाता कामा नयेत, असा उत्सर्जनाचा नियम आहे. रेसिंगची गोष्ट वेगळी. एफआयएच्या नियमांत उघड्या ब्रीदरच्या गाडीला कॅच टँक सक्तीचा आहे. २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्यापुढे ३ लिटर. ट्रॅकवर ऑइल सांडून मागची गाडी घसरू नये, हा त्यामागचा हेतू.

वॉरंटीतल्या गाडीत मात्र आधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. पुढे इंजिनात बिघाड झाला तर हाच डबा दावा नाकारायला कारण ठरू शकतो.

मग घ्यायचा का?

रोज ऑफिसला जाणारी, पोर्ट इंजेक्शनची साधी गाडी असेल तर गरज नाही. वेळेवर ऑइल बदलणं पुरे. डायरेक्ट इंजेक्शन टर्बो असेल, ट्यून केलेली असेल किंवा ट्रॅकवर जात असेल, तर चांगला डबा उपयोगी पडतो. पण त्याने कार्बन साचणं कमी होतं, थांबत नाही. आधी साचलेला कार्बनही निघत नाही, त्यासाठी व्हॉल्व्ह वेगळे साफ करावे लागतात. आणि डबा नियमित रिकामा करणं जमणार नसेल, तर तो न बसवलेलाच बरा.