डीई पावडर, डायनामाइट आणि कोंबडीची पिल्लं

कोंबड्यांच्या उवा-पिसवांसाठी जी पांढुरकी डीई पावडर (डायटोमेशियस अर्थ) मिळते, तिच्या पिशवीवर बहुतेक वेळा ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असतं. ते वाचलं की माणूस निर्धास्त होतो आणि ब्रूडरमधल्या आठ दिवसांच्या पिल्लांवरही मूठभर उधळतो. हे दोन शब्द आले कुठून, हे बघायला मी जरा मागे गेलो.

ही माती म्हणजे डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळांची कवचं. कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. तळ्याच्या आणि समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं साचून त्याचे थर झाले. १८३६ साली जर्मनीत ल्युनेबुर्गच्या माळावर विहीर खणताना असा थर लागला. तिकडे त्याला ‘कीझलगुर’ म्हणतात. कवचं पोकळ आणि भोकाभोकांची, त्यामुळे शोषून घ्यायची ताकद जबर. आल्फ्रेड नोबेलने तीन भाग नायट्रोग्लिसरीन एक भाग कीझलगुरमध्ये जिरवलं आणि १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं.

पुढे साखर, बिअर, पाणी गाळायला हीच माती लागली. गाळणं जलद व्हावं म्हणून कारखान्यांनी ती भट्टीत हजारेक अंशांवर भाजायला सुरुवात केली. इथेच मेख आहे. भाजल्यावर त्यातल्या बऱ्याच सिलिकाचे स्फटिक होतात. त्याला क्रिस्टोबलाइट म्हणतात आणि ते फुप्फुसाला फार वाईट. कॅलिफोर्नियातल्या लोम्पोकच्या खाणीत आणि कारखान्यात काम केलेल्या मजुरांचा अभ्यास १९९० च्या दशकात झाला. त्यात सिलिकोसिस आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दिसला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने श्वासातून जाणारी स्फटिक सिलिका कॅन्सरकारक ठरवली. म्हणून फिल्टरची भाजलेली पावडर कोंबड्यांजवळ अजिबात आणायची नाही. फूड ग्रेड माल न भाजलेला, त्यात स्फटिक फार कमी. पण नीट बघा, ‘फूड ग्रेड’ हे पोटात जाण्याबद्दल आहे, नाकात जाण्याबद्दल नाही.

आता किडे मरतात कसे? १९४० च्या दशकात विगल्सवर्थ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने दाखवलं, की किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि बारीक पूड तो खरवडते. मग अंगातलं पाणी उडून किडा वाळून मरतो. डीई तर ते मेण शोषूनही घेते. आपल्याकडे कडधान्यात राख घालून ठेवतात, त्यामागचं तत्त्वही बरंचसं हेच. यावरून दोन गोष्टी कळतात. पावडर कोरडी असेल तरच काम करते. आणि पोटातल्या ओलाव्यात तिचा भरवसा नाही, त्यामुळे कॉक्सिडिओसिसवर (रक्ती हगवणीवर) ती औषध नव्हे. विष्ठेत रक्त दिसलं तर पशुवैद्यकाकडे जा.

पिल्लांचं दुखणं वेगळंच. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, श्वास हवेच्या पिशव्यांवर चालतो. पिल्लाचं नाक तुसापासून दोन बोटं वर. त्यात ते दिवसभर उकरतं आणि बल्बखाली हवा कोरडी. उडालेली पूड थेट डोळ्यात, नाकात, श्वासनळीत. न भाजलेली पावडरसुद्धा तिथे चुरचुरते, आणि अमोनियाचा वास असेल तर त्रास दुप्पट.

म्हणून आमच्याकडे नियम साधा आहे. ब्रूडरमध्ये डीई नाही, पिल्लाच्या अंगावर नाही, खाद्यात नाही. बॅच निघाली की रिकामी शेड झाडून, पूर्ण वाळवून, भेगा आणि दांड्यांच्या सांध्यांत ब्रशने पातळ हात मारायचा. ढीग नको. तोंडाला मास्क हवाच, साधा रुमाल नाही. धूळ बसू द्यायची, सांडलेली ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, मग नवीन तूस आणि नंतरच पिल्लं. ब्रूडरमध्ये तूस कोरडं आणि हवा खेळती ठेवली की निम्मं काम होतं. पिल्लांवर उवा दिसल्याच तर पावडर न उधळता आधी डॉक्टरांना दाखवा. पिशवी घेताना न भाजलेली आहे का, स्फटिक सिलिका किती, हे दुकानदाराला विचारा. सांगता येत नसेल तर पिशवी परत ठेवा.