मोजायचे कुणाला : माणसाला की घराला?

कमावत्या वयाच्या माणसांना सरकारी पैसा देताना कुठेतरी कमाल मर्यादा घालावीच लागते. ती माणसावर घालायची की घरावर, हे मात्र आधी ठरवावे लागते. ब्रिटनने 2013 पासून घर धरले. घरात येणाऱ्या बहुतेक भत्त्यांची बेरीज ठरावीक रकमेपुढे जाऊ द्यायची नाही, एवढा सरळ हिशेब.

महाराष्ट्राने 1977च्या रोजगार हमी कायद्यात माणूस धरला होता. खेड्यातल्या मागेल त्या प्रौढाला काम, दिवसांचे बंधन नाही. उन्हात खडी फोडायला गरज नसलेला येणारच कशाला? तीच मर्यादा. 2005च्या केंद्रीय कायद्याने घर धरले. कुटुंबामागे 100 दिवस दिले, म्हणजे घरात काम करणारे चौघे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला 25. त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्याने स्वतःवर घेतला, हे आपल्याकडचे शहाणपण.

राज्याच्या लाडकी बहीण योजनेत दोन्हींची सरमिसळ झाली. 2.5 लाखांची उत्पन्नमर्यादा कुटुंबाला, महिन्याचे 1500 रुपये मात्र बाईच्या नावावर. 28 जून 2024च्या निर्णयात पाच एकरांचीही अट होती. प्रवरेच्या कालव्यावर तीन एकर ऊस लावणारे बेलापूरचे घर तिच्यात बसले असते आणि पाथर्डीतले सात एकर जिरायतवाले बाहेर पडले असते. आठवडाभरात ती अट गेली, बरे झाले.

खरी गोम वजावटीत आहे. शेतकऱ्यांसाठीच्या पीएम-किसान आणि नमो शेतकरी या योजनांचे मिळून वर्षाला 12,000, म्हणजे महिन्याला 1000 रुपये होतात. हे पैसे बाईच्या खात्यात येत असतील तर लाडक्या बहिणीचे तिला उरलेले 500च मिळतात. आता बेलापुरातल्या दोन जावा समजा, रान सारखेच. थोरलीकडे सातबारा नवऱ्याच्या नावावर: त्याला 1000, तिला 1500, घरात 2500. धाकटीकडे तो तिच्याच नावावर: 1000 आणि 500, घरात 1500. गरज तीच, वर्षाला फरक 12,000 रुपयांचा. बायकोचे नाव सातबाऱ्यावर यावे म्हणून 1992 साली लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक काढले तेही राज्य सरकारनेच!

वजावट घराच्या बेरजेवर केली असती तर दोघींना सारखी कात्री लागली असती. ते कठोर झाले असते, पण न्यायाचे. एप्रिल 2025 मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी 500 रुपयेच मिळणाऱ्या बहिणींचा आकडा सांगितला : 7,74,148.